आधी रेघ

जूनमध्ये आम्ही एकतीस जण होतो.
बाकं कमी पडली तेव्हा शिपाई शेलारमामांनी
बालवाडीतून बुटक्या खुर्च्या आणल्या,
आणि पोक्त माणसं गुडघे छातीशी घेऊन
नारायण पेठेत, शनिवारी संध्याकाळी,
मोडीचा अ गिरवायला बसली.

देवस्थळी सरांनी विचारलं, का शिकायचंय?
कुणाला इतिहास, कुणाला सर्टिफिकेट.
हिंजवडीचे हुलावळे म्हणाले, जमिनीची केस आहे.
मी म्हणाले, वीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचतेय,
आता असं काही वाचायचंय
जे कुणी जेवणानंतर गिळणार नाही.
सगळे हसले.
मला वाटलं, झालंच की माझं शिकून.

अप्पा बळवंत चौकातून बोरू आणले, दौत आणली,
दोनशे पानी बिनओळीची वही, तिला खाकी कव्हर.
आठवडाभर धायरीच्या दुकानात
गोळ्यांच्या पाकिटांवरसुद्धा मोडी.
मालक म्हणाले, हेमाताई, कृपा करा,
साखरेची गोळी कुणी बीपीची म्हणून खाईल.

मग गणपतीची सुट्टी पडली
आणि बऱ्याच जणांनी ती संपवलीच नाही.
दसऱ्याला अकरा.
दिवाळीनंतर पाच,
त्यातले एक फक्त पंख्याखाली बसायला यायचे.

माझंही सांगते.
नोव्हेंबरातल्या एका शनिवारी
धायरी फाट्यावर बससाठी उभी होते,
दोन बस आल्या,
दोन्हींत जागा होती,
मी चढले नाही.
घरी येऊन मटार सोलले. दोन किलो.
कुणी सांगितले नव्हते.

त्या रात्री वहीची पहिली पानं पाहिली.
काय टपोरं अक्षर!
ती जूनमधली बाई मला आवडली नाही.
कबूल करून मोकळी झाली ती,
आणि निस्तरायला मी.
तिला ना बस पकडावी लागली, ना ल आणि छ यांत
रडकुंडीला यावं लागलं.

पुढच्या शनिवारी गेले,
का, ते विचारू नका,
बहुधा मटार संपले होते.

हुलावळे येऊन बसले होते.
केस मिटली म्हणाले, भावाभावांत तडजोड झाली,
जमीन गेली, तिथे बिल्डरचा पत्राही लागला.
सर म्हणाले, मग आता?
त्यांनी तोच जुना कागद उलगडला, घडीवर फाटलेला.
मिटली खरी,
पण माझं वाक्य अर्धं राहिलंय.

मोडीत आधी रेघ ओढतात.
या कडेपासून त्या कडेपर्यंत, सलग,
काय लिहायचंय ते पुढचं पुढे.
अक्षरं मग खालून येऊन तिला लटकतात,
दोरीवरच्या कपड्यांसारखी.
हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
तेव्हा मी नवा बोरू तासत होते.

आता दुकान बंद करून आले की दहा वाजतात.
भांडी, उद्याचा डबा, सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब.
मग वही.
काही रात्री नुसत्या रेघा होतात,
सहा, सात,
पुढे झोप.
पूर्वी अशा पानांची लाज वाटायची,
फाडून टाकायची मी ती.
आता राहू देते.

फेब्रुवारीत आम्ही तिघं उरलो.
बुटक्या खुर्च्या बालवाडीला परत गेल्या.
शेलारमामा दारातून विचारतात, आहे का आज?
कुलूप हातातच असतं त्यांच्या.
आहे, म्हणते मी.

परवा एक ओळ न अडखळता वाचली.
कुण्या दुकानदाराचा हिशेब. गूळ, सव्वा शेर.
खाली, बाकी येणे.
वाटलं होतं, अंगावर काटा येईल.
काही आलं नाही.
वाचता आलं, एवढंच,
जशी एखादी चिठ्ठी वाचून
हात आपोआप फळीकडे जातो.

शेजारी हुलावळे बोट ठेवून पुटपुटत होते,
विहिरीचे पाणी, आठवड्यातून दीड दिवस…
पुढचा शब्द लागत नव्हता.
मी वाकून पाहिलं.
मलाही लागेना.
शेलारमामांनी किल्ल्या वाजवल्या.
थांबा हो, म्हणालो दोघंही.